एक कोपरा मातीचा असू द्या

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हांस एक गोष्ट खटकली. संधिपाद प्राण्यांची लक्षणे बहुतेकांनी बिनचूक लिहिली. पण वर्गातल्या कोळ्याला 'कीटक' म्हणणारेही त्यांतलेच! कीटकाला पाय ६, कोळ्याला ८. दोघेही संधिपादच, पण वर्ग वेगळे. एकदा मोजून पाहिले की विसर पडत नाही.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. तिथे 'केंचुआ', इथे 'गांडूळ'. नाव बदलले, तरी अंगावरची वलये आणि ओल्या त्वचेने होणारे श्वसन तेच. गोगलगाय मृदुकाय, बेडूक उभयचर, पाल सरीसृप आणि पिलांना दूध पाजणारे वटवाघूळ, उडत असले तरी, सस्तन. ज्ञात प्राणिजातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक अपृष्ठवंशीय आहेत. त्यांतले कितीतरी आपल्या पायाखालच्या मातीतच भेटतात.

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती, पटांगणात फरशी अवश्य बसवावी, पण झाडांखालचा कोपरा मातीचाच ठेवावा. आमच्या मते तीच खरी प्रयोगशाळा. पालकांनी चिखलाच्या कपड्यांवरून रागावू नये. आणि मुलांनो, पाहा, मोजा, वहीत टिपा. पण कुणालाही मारू नका.