पाईल घातले, पण भरावाचं काय?

पंचगंगेच्या काठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर या आठवड्यात एका गृहप्रकल्पाचा फलक दिसला. ‘पाईल फाउंडेशन, पुराची चिंता नाही’ असा मजकूर, आणि फलकामागं डंपर मुरूम ओतत होते. भरावावर या जागेत मी किती वेळा लिहिलंय ते नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. पण भराव आणि पाईल ही जोडी एकाच प्लॉटवर दिसली, आणि तीच सुरक्षिततेची हमी म्हणून विकली जाते, याचा मला मनापासून राग आला.

पाईल मातीचा प्रश्न सोडवतो, पुराचा नाही. वरची माती कच्ची असेल तर इमारतीचं ओझं खालच्या टणक थरावर टेकवायचं, नाहीतर पाईलच्या अंगाला भिडलेल्या मातीच्या घर्षणावर तोलायचं, एवढंच त्याचं काम. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. जमिनीखाली पाईल कितीही मीटर गेले तरी त्यानं तळमजल्यात शिरणारं पाणी थांबत नाही.

शिवाय कोणता पाईल, हे फलकावर नव्हतंच. ठोकून बसवायचे तयार पाईल आपल्याकडं फारसे चालत नाहीत. ते खोल, मऊ चिकणमातीचं काम. इथं मुरमातले गोटे आणि त्याखालचा काळा पाषाण त्यांना पुढं जाऊ देत नाहीत. काळ्या रानात दुमजली घर बांधायचं असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं विकसित केलेला अंडर-रीम्ड पाईल चांगला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या पाईलच्या बुडाशी मूळ व्यासाच्या साधारण अडीच पट फुगवटा असतो. तो साडेतीन मीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली, ऋतुमानानं ओल बदलत नाही अशा थरात बसवतात, म्हणजे वरची माती हलली तरी घर हलत नाही. पण नदीकाठच्या ओल्या गाळात हा फुगवटा कोरतानाच ढासळतो. तिथं रिग लावून, लायनर किंवा बेंटोनाईटनं भोक सांभाळून, तळ साफ करून, ट्रेमी पाईपनं खालून वर काँक्रीट भरत आणलेला बोअर पाईलच हवा, आणि तो खडकात रुतवलेला हवा. आपल्या बेसाल्टमध्ये दोन कठीण थरांच्या मध्ये लाल बोलाचा मऊ थर सापडतो. रिग टणकाला लागली म्हणून तिथंच थांबायचं नसतं. त्याखाली काय आहे तेही पाहायचं असतं.

आता भराव. मऊ गाळावर तीन-चार मीटर मुरूम टाकला की त्याच्या वजनानं खालचा गाळ दबत जातो. हे दोन-चार दिवसांत संपत नाही, वर्षानुवर्षं चालतं. पाईल खडकावर टेकलेला असल्यानं तो खाली जात नाही, पण भोवतालची माती जाते आणि जाताना पाईलला खाली ओढते. जे घर्षण पाईलला आधार द्यायचं, तेच ओझं होऊन बसतं. अभियंते त्याला निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात. हिशेबात ते धरलेलं नसेल तर पाईलवर इमारतीच्या वजनाखेरीज भरावाचाही भार येतो. त्याच वेळी भरावानं अडवलेलं पाणी सुतारवाड्यात, दुधाळीत, नदीपलीकडं चिखली-आंबेवाडीत शिरतं, ते वेगळंच.

हाच पाईल रस्त्याखाली का हवा ते शिरोलीत पाहावं लागेल. 2019 ला आणि 2021 ला पुणे-बेंगळुरू महामार्ग तिथं पाण्याखाली जाऊन बंद पडला. दूध, औषधं, रुग्ण सगळं अडकलं. तेव्हापासून पूरग्रस्त गावांची एकच मागणी आहे: भराव नको, पिलरचा पूल द्या. मागणी भावनेतून आली असेल, तरी गणित तिच्या बाजूनं आहे. तीस मीटरचा गाळा आणि दोन मीटर रुंद खांब धरला तर पाण्याच्या वाटेचा पंधरावा हिस्सा अडतो. भरावाच्या रस्त्यात मात्र एखादी मोरी वगळता सगळीच वाट बंद. खांबाखालचे पाईल खडकात गेलेले असतील आणि पुरात तळ किती खरवडला जाईल ते धरून त्यांची खोली ठरवली असेल, तर रस्ताही टिकतो आणि पाणीही पुढं जातं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यात तर पाईलच्या गटाऐवजी एका खांबाला एकच मोठा पाईल वापरला, म्हणजे समुद्रतळावरची जागाही कमी अडली. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात असा विचार का करू नये? भराव स्वस्त म्हणणाऱ्यांनी महामार्ग बंद पडलेल्या दिवसांचा खर्चही त्याच कागदावर मांडावा.

दोन्हीकडं पाईल तोच. रस्त्याखाली तो भरावाची गरज संपवतो म्हणून मी त्याच्या बाजूनं बोलतो. त्या प्लॉटवर तो भरावाला इभ्रत मिळवून देतो म्हणून विरोधात. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बांधकाम नकोच. कितीही खोल पाईल घातले तरी नको.

निळ्या रेषेबाहेर फ्लॅट घेणाऱ्यांनी मात्र बुकिंगआधी बोअर लॉग, म्हणजे किती खोलीवर कोणता थर लागला याची नोंद, मागावा. प्रत्येक पाईल कुठल्या थरावर थांबला, खडकात किती गेला, लोड टेस्ट झाली का, ते पाहावं. हातोडी ठोकून केलेली इंटिग्रिटी टेस्ट पुरेशी नाही. तिच्यातून पाईल कुठं बारीक झाला, कुठं तडकला ते कळतं, तो किती वजन पेलेल ते नाही. आणि माती परीक्षणाची तारीख बघावी. ते भराव पडण्याआधीचं असेल, तर नंतर पडलेल्या मुरमाचा भार पाईलच्या हिशेबात कुठं धरलाय, ते आर.सी.सी. कन्सल्टंटकडून लेखी घ्यावं.