साधी न्याहारी, कोणाची?

पोर्तुगीज भाषेत न्याहारीला 'पेकेनु आल्मोसु' म्हणतात. म्हणजे दुपारचे धाकटे जेवण. नावाएवढाच तिचा पसारा: पाव, लोणी, चीजचा एखादा काप आणि दूध घातलेली कॉफी. अलीकडे मात्र तिचा विषय निघाला की लिस्बनमधल्या बेलेंची 'पास्तेल द नाता' पुढे केली जाते. तिथल्या दुकानात ती १८३७ पासून विकली जाते आणि रुचकर आहे, हे मान्यच. परंतु ती मठातून आलेली मिठाई आहे. घरच्या सकाळची ओळख पावानेच होते. तेव्हा ही न्याहारी घरी करायची तर आरंभ पावापासून करावा, असे आमचे मत आहे.

कृती अगदी थोडकी. पावाचे बोटभर जाड काप दोन्ही बाजूंनी भाजावेत आणि गरम असतानाच त्यांवर खारे लोणी सढळ हाताने लावावे, ही 'तोर्राडा'. कडक कॉफी आणि गरम दूध निम्मेनिम्म घ्यावे. ही 'मेया द लैत'. शेजारी मार्मेलाडाची वडी. 'मार्मेलु' हे सफरचंदाच्या कुळातले, कच्चे खाववणार नाही इतके तुरट फळ. त्याचा शिजवलेला गर जवळजवळ तेवढ्याच साखरेत आटवला की वडी पडते. इंग्रजांचे मार्मलेड नावापुरते तिथूनच आले.

आपल्याकडे हे फळ सहसा मिळत नाही. मग परदेशी डबा आणावा काय? आम्हाला तशी गरज वाटत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी पेरूचा गर असाच आटवून 'पेराड' केली. ब्राझीलमध्ये पेरूचीच 'गोयाबाडा' झाली. परंपरा फळात नव्हती, आटवण्याच्या रीतीत होती. ताटलीत पेराड ठेवणारा ती परंपरा मोडत नाही, पुढे चालवतो. मराठीनेही 'पाव' हा पोर्तुगीज शब्द असाच आपल्या जिभेला बेतून घेतला आहे.

आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. 'साधे' आणि 'पारंपरिक' ही विशेषणे आपण फार सहज जोडतो. आलेंतेजू प्रांतात बड्या जमीनदारांच्या शेतांवर राबणाऱ्या मजुरांची 'असोर्डा' म्हणजे शिळा पाव, लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि वरून उकळते पाणी. अंडे असलेच तर. कॉफी परवडत नसे तिथे भाजलेल्या जवाचा काढा चाले. साखर घातलेल्या वाइनमध्ये पाव भिजवून सकाळी खात. त्याला नाव होते 'थकलेल्या घोड्याचे सूप'. हा साधेपणा कोणी आवडीने निवडलेला नव्हता. सालाझारच्या राजवटीने मात्र त्याला सद्गुण ठरवले. अमालिया रोड्रिग्ज यांच्या आवाजात १९५०च्या दशकात गाजलेल्या 'उमा काझा पोर्तुगेझा' या गाण्यातही गरिबीतल्या समाधानाचेच चित्र आहे. गाणे गोड आहे; पण पुढच्याच दशकात त्या गरिबीतले लाखो लोक देश सोडून फ्रान्सकडे गेले. त्या काळातली पोर्तुगालची कॉफीही निष्पाप नव्हती. अंगोलातले कॉफीचे मळे सक्तीच्या मजुरीवर चालत आणि १९६१ साली तिथे उठाव झाला.

म्हणून ही न्याहारी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. ती अवश्य करावी. फक्त तिच्याभोवती जुन्या सुखी काळाची आरास मांडू नये. पाव उरला तर दुसऱ्या दिवशी लसूण, मीठ आणि कोथिंबीर वाटून त्याची असोर्डा करावी. कोथिंबिरीचा असा सढळ वापर युरोपात विरळाच, मराठी स्वयंपाकघराला मात्र तो परका वाटणार नाही. ती भूक भागवण्यासाठी रचलेली पाककृती आहे, एवढे खाताना ध्यानात असावे. चव त्याने कमी होत नाही.