बायकांचं म्हणून हलकं?

‘मालिकांवर एम.ए.चा प्रबंध? मग उद्या पाणीपुरीवर डॉक्टरेट द्या की!’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, बस्तीच्या पायरीवर ऐकलंय आणि चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. बोलणारा हसतो, ऐकणारे हसतात आणि वाद तिथंच मिटला असं सगळे धरून चालतात. मी मात्र तो मिटला असं मानत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मालिका, सिनेमे, जाहिराती, गाणी, मोबाइलवरची रील, ज्या ज्या गोष्टींत आपला समाज रोजचे तास घालवतो, त्यांचा विद्यापीठात चिकित्सक अभ्यास झालाच पाहिजे. आणि ‘हे हलकं आहे’ म्हणून जे नाक मुरडतात, त्यांच्या मनात विद्येची काळजी थोडी आणि बायकांच्या आवडीविषयीची तुच्छता जास्त असते.

खोटं वाटतं? मग क्रिकेट घ्या. तेही करमणूकच की. पण वर्तमानपत्रात त्याला रोज अख्खं पान मिळतं. रामचंद्र गुहांसारख्या इतिहासकारानं भारतीय क्रिकेटच्या निमित्तानं जात, धर्म आणि इंग्रजी राज्य यांचा इतिहास लिहिला, तो ग्रंथ आपण आदरानं कपाटात ठेवतो. ठेवायलाच हवा, तो चांगलाच आहे. मग क्रिकेट बघणाऱ्याचं ते ‘वेड’ आणि मालिका बघणारीचा तो ‘रिकामटेकडेपणा’, हे कुणी ठरवलं?

हा भेदभाव आजचा नाही, आणि आपल्या समाजातल्या बायकांना तर तो पटकन ओळखता यायला हवा. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, मंत्री संस्कृत बोलतो. राणीसकट बहुतेक बायका आणि नोकरचाकर बोलतात प्राकृत. म्हणजे बायकांची आणि गड्यांची भाषा. त्याच प्राकृतात कुंदकुंदाचार्यांनी ‘समयसार’ लिहिला. त्याच भाषेला 2024 साली मराठीबरोबर अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवत आणि जुन्या पोथ्या तपासून छापत राहिले. एकेकाळची ‘हलकी’ भाषा अशा माणसांमुळे विद्यापीठात मानानं बसली.

उपाध्यांनी ज्या ग्रंथांचा बारकाईनं अभ्यास केला, त्यांत हरिभद्रसूरींचं आठव्या शतकातलं ‘धूर्ताख्यान’ आहे. उज्जैनच्या बागेत पाच लबाड पावसात अडकतात. भूक लागलेली. पैज लागते की प्रत्येकानं एक अचाट गोष्ट सांगायची, आणि बाकीच्यांनी लोकांच्या तोंडी असलेल्या पुराणकथांचे दाखले देऊन ती खरी ठरवायची. ज्याला ते जमणार नाही, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. या पाचांत एक बाई आहे, खंडपाना, आणि बाजी तीच मारते. सगळे मान डोलावून ऐकतात त्या गोष्टीकडेही ‘हे असं का बरं सांगितलं असेल?’ म्हणून बघायचं, हे वळण आपल्या परंपरेला बाराशे वर्षांपूर्वीच होतं. चिकित्सा परदेशातून आली म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा उघडावं.

महाराष्ट्रात हेच काम 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी केलं. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक आपण स्त्रीहक्काचं म्हणून ओळखतो, पण त्या काळच्या कथा-नाटकांत बाई कशी रंगवलीय, याचीही त्यात सडेतोड झडती आहे. त्यांच्याकडे ना पदवी होती, ना विद्यापीठ. आज आपल्या मुलींकडे दोन्ही आहेत आणि परवानगी नाही!

विलायतेत 1964 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगार्ट यांनी अशा अभ्यासाचं एक केंद्र काढलं. पुढं स्टुअर्ट हॉल यांनी ते नावारूपाला आणलं. हॉल म्हणाले ते मला माझ्या मिसळणाच्या डब्याइतकं ओळखीचं वाटतं. दाखवणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो जसाच्या तसा घेईलच असं नाही. कुणी पूर्ण मानतं, कुणी थोडं मानून थोडं सोडतं, कुणी साफ उलटा अर्थ लावतं. एकाच सोफ्यावर सासू, सून आणि नात बसल्या की हे तिन्ही प्रकार दिसतात. त्याच परंपरेतल्या डोरोथी हॉब्सन यांनी ‘क्रॉसरोड्स’ नावाची इंग्रजी मालिका बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याबरोबर बसून पाहिली आणि 1982 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हॉलंडमध्ये इएन आंग यांनी एका स्त्रियांच्या मासिकात छोटी जाहिरात दिली की ‘डॅलस’ मला आवडते, तुम्हाला काय वाटतं, लिहा. बेचाळीस पत्रं आली. त्यांतल्या कितीतरी बायका आवडतं हे सांगताना लाजत होत्या, सफाई देत होत्या. ही लाज आपल्याला नवी आहे का? पाहुणे आले की टीव्ही बंद करून ‘मी बाई काही बघत नाही हं’ म्हणणाऱ्या आपणच ना?

आपल्याकडे पूर्णिमा माणकेकर यांनी दिल्लीतल्या साध्या घरांमधल्या बायकांबरोबर दूरदर्शनच्या मालिकांचा अभ्यास केला. 1999 साली त्यांचं पुस्तक आलं. ‘महाभारत’मधलं द्रौपदीचं वस्त्रहरण बघताना त्या बायकांना स्वतःची असुरक्षितता आठवत होती, हे त्यातून कळतं. सगळा देश भक्तिभावानं बघतोय असं म्हटलं जात होतं, तेव्हा घराघरांत एक वेगळा विचार चालू होता. कुणी विचारलं म्हणून तो बाहेर आला.

आता अगदी घरचं उदाहरण. आपल्या घरांतून सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, ओटा पुसून होतो आणि सातपासून टीव्ही लागतो. ‘आई कुठे काय करते’ अनेकींनी पाहिली असेल. ही गोष्ट मूळ बंगाली ‘श्रीमयी’ची. नवऱ्यानं गृहीत धरलेली, मुलांनी कमी लेखलेली गृहिणी. हीच बाई हिंदीत ‘अनुपमा’ झाली, तमिळमध्ये ‘बाकियलक्ष्मी’ झाली, कन्नडमध्येही आली. आणि ती स्वतःच्या पायावर कशी उभी राहते? मराठीत ती गाते, हिंदीत नाचते, तमिळमध्ये स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. प्रत्येक भाषेनं बाईला कुठली वाट ‘शोभते’ मानली, ते का मानलं, कुठल्या भाषेत तिचं दुसरं लग्न लावलं आणि त्यावर प्रेक्षक काय म्हणाले? यात समाजशास्त्र नाही, साहित्य नाही, भाषाशास्त्र नाही असं कोण म्हणेल? आणि एका घरात मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या सीमाभागातल्या मुलीपेक्षा हे काम चांगलं कोण करील?

माझ्या पुतणीला नेमका हाच विषय हवा होता. तिच्या विभागानं तो ‘दर्जाचा नाही’ म्हणून परत पाठवला. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही, कारण दुसरीकडे वेगळं झालं असतं याची मला खात्री नाही. शेवटी तिनं एका कवीची निसर्गकविता घेतली. तिथं नवीन सांगण्यासारखं तिला काही सापडेना. मालिकांवरच्या तीन भरलेल्या वह्या कपाटात पडून आहेत.

‘पण मालिका रद्दीच असतात,’ हा पुढचा आक्षेप. असतील. डास थोर असतो म्हणून डॉक्टर डासाचा अभ्यास करत नाहीत, तो चावतो म्हणून करतात. आमच्याच घरात नव्या सुनेकडे संशयानं बघायचं वळण कुठून येतं? नोकरी करणारी, केस मोकळे सोडणारी बाई पडद्यावर खलनायिकाच का असते? देशभरातल्या पन्नास-साठ हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून टीआरपी ठरतो, त्यावरून जाहिरातीचा पैसा, आणि त्या पैशावरून गोष्ट वळते. कथेतली सून रडते तेव्हा मध्येच साबण कोण विकतंय, हे मुलींना कळायला नको?

एक बोल मात्र विद्यापीठालाही लावते. आमच्यावर लिहायचं तर आम्हाला कळेल असं लिहा. जड शब्दांचं ओझं लादून आमच्या घरातलं आम्हालाच परकं करू नका. आणि नुसतं कौतुकही नको. चिकित्सक म्हणजे सोनाराच्या कसोटीसारखं. आवडता दागिनाही घासून बघायचा आणि कस जितका निघेल तितका सांगायचा.

मैत्रिणींनो, समाजाच्या शिष्यवृत्त्या इंजिनियरला मिळतात, सी.ए.ला मिळतात. मिळोत. पण पुढच्या वर्षी एखादी मुलगी असा विषय घेऊन अर्ज करील, तेव्हा हसणाऱ्यांत बसू नका. समितीवर आपल्यापैकी कुणी असेल, तर तिनं एवढंच विचारावं, ‘हलकं म्हणता, ते नेमकं कशाला? विषयाला, की तो बघणाऱ्या आम्हाला?’