दवाखान्याने आधी विचारलं, मग औषध दिलं



तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, नाहीतर हैदराबादला. गावाकडे आपलं कुणीतरी असतंच. आई-वडील असतात, काका-काकू असतात, बाळंतपणासाठी माहेरी गेलेली बहीण असते. रात्री फोन येतो, "बाबांना दोन दिवस ताप आहे." तुम्ही घाईने विचारता, "सरकारी दवाखान्यात नेलं का?" आणि पलीकडून उत्तर येतं, "तिथं कोण जातंय!"

आज या 'तिथं कोण जातंय'बद्दलच बोलूया. गावातली माणसं दवाखान्यात जात नाहीत, तेव्हा आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण का जात नाही, हे त्यांना कधी कुणी विचारलंय का? ज्यांनी विचारलं, त्यांची ही गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून गडचिरोली जिल्हा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोघेही परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही रुग्णालयात का येत नाही? उत्तरं ऐकून कुठलाही डॉक्टर चक्रावला असता. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. तिथली माणसं पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आणि आजारी माणसाला आत ठेवून घरच्यांना बाहेर काढतात.

बघा, यात औषधाबद्दल तक्रारच नाही! तक्रार आहे भीतीची आणि परकेपणाची. मग दवाखानाच बदलला. मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी गावासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येऊ लागलं. दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, म्हणजे लोकांच्याच देवीचं. धानोरा तालुक्यातल्या या परिसराला शोधग्राम म्हणतात.

एकदा विचारलं आणि काम संपलं, असंही झालं नाही. शोधग्रामात दंतेश्वरीची जत्रा भरते आणि त्या निमित्ताने आदिवासींची आरोग्य संसद बसते. गावोगावचे प्रतिनिधी येतात आणि आपल्याकडे कोणता आजार जास्त छळतो ते सांगतात. लोकांनी मलेरिया पुढे केला, म्हणून मलेरियाचं काम हाती घेतलं गेलं. बायकांनी दारूचं दुखणं सांगितलं. दारूवर कुठली गोळी देणार? पण त्या दुखण्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. कंबरदुखी आणि पाठदुखी शहरातल्या डॉक्टरांना किरकोळ वाटेल. पण धानाच्या चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला विचारा! तिथे मणक्याच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या, त्यासाठी मुंबईहून तज्ज्ञ डॉक्टर येऊ लागले.

वाचकहो, आरोग्यसेवेचं वर्ष असं असावं. आधी विचारायचं, मग लोकांसोबत ठरवायचं, काम करायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्यासमोर बसायचं.

याचा उपयोग किती मोठा असतो, ते नवजात बाळांच्या कामावरून कळतं. गडचिरोलीच्या खेड्यांत पहिल्या महिन्यातच खूप बाळं दगावत होती. घरात बाळंतपण व्हायचं आणि दवाखाना लांब. त्यातच बाळंतिणीने आणि बाळाने घराबाहेर पडायचं नाही, अशी रीत. मग बाळ दवाखान्यात येत नसेल, तर दवाखान्याने बाळाच्या घरी जायचं, असं ठरलं. ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊबेत ठेवणं, जन्मल्यावर रडलं नाही तर श्वास सुरू करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधं साधन केलं. त्यावर बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता यायचा.

सुरुवातीला तिथे हजार नवजात बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. कामाच्या तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. हे मोठ्या यंत्रांनी झालं नाही. शेजारच्या घरातली बाई शिकून तयार झाली आणि वेळेवर दारात आली, म्हणून झालं.

याचा फायदा आज तुमच्याही घराला मिळू शकतो. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला घरी येऊन बघतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. गावाकडे बहीण किंवा वहिनी बाळंत झाली असेल तर आज फोन करून विचारा, "आशाताई येऊन गेल्या का? वजन केलं का?" आणि हेही सांगून ठेवा: बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा खूप गरम लागत असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे बंग डॉक्टर आहेत? खरं आहे. पण विचारण्याची सोय सरकारी व्यवस्थेतही आहे. महाराष्ट्रात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख करायचं काम सुरू झालं. गावकरी एकत्र बसून सेवेला रंग द्यायचे. चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. कागदावरचा तो लाल रंग वाचायला शाळा शिकलेली असावी लागत नाही. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोक उभे राहायचे आणि औषध का मिळालं नाही, नर्सबाई का येत नाहीत, ते विचारायचे.

शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानात गावासाठी आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते. ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, अंगणवाडी ताई आणि गावकरी तिच्यात असतात. वर्षाला दहा हजार रुपयांचा निधी तिच्यासाठी ठरवलेला आहे. रक्कम लहान आहे, पण विहिरीत औषध टाकायला, डासांची डबकी बुजवायला, अडलेल्या बाईला गाडी करून द्यायला ती उपयोगी पडते. पुष्कळ गावांत ही समिती कुठे आहे, हेच कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून यंदा दिवाळीला, गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल, तेव्हा तीन गोष्टी करा. आशाताईंना भेटा आणि त्यांना काय अडचण आहे ते विचारा. त्यांनाही क्वचितच कुणी विचारतं. समितीची बैठक शेवटची कधी झाली, पैसे कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. भांडायला नको, नुसतं विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारा, दवाखान्यात का जात नाही? कदाचित कारण अगदी साधं निघेल. पायऱ्या चढवत नसतील, बसायला बाक नसेल, कुणीतरी एकदा सगळ्यांसमोर वसकन बोललं असेल.

अशी कारणं ऐकल्याशिवाय कळत नाहीत, आणि कळल्याशिवाय बदलत नाहीत. पुढच्या वेळी फोनवर "तिथं कोण जातंय" ऐकू आलं, तर रागावू नका. फक्त एवढंच विचारा, "का हो, काय झालं तिथं?" आणि मग शांतपणे ऐका.

भेटूया पुढच्या वेळी. स्वतःची आणि गावाकडच्या माणसांचीही काळजी घ्या.