अस्वलासाठी बंदूक घेण्याआधी

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमधून यलोस्टोन, ग्लेशियर, डेनाली असे बेत शिजू लागतात. हॉटेलात न राहता तंबूत राहायचं ठरलं की कुणीतरी विचारतंच, "अस्वलासाठी बंदूक कुठली घ्यावी?" मग उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी पॉइंट ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर सांगतं, कुणी १० मिमी पिस्तूल, कुणी म्हणतं शॉटगनशिवाय जाऊच नका. या सगळ्या गलक्यात पहिला प्रश्न कुणी विचारत नाही: तुमचा व्हिसा कुठला आहे?

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, किंवा पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांचा बी-२, यांपैकी कुठल्याही व्हिसावर अमेरिकेत असाल, तर बंदूक किंवा नुसती काडतुसं बाळगणं हाही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्याचा कायदा कितीही सैल असो, त्याने फरक पडत नाही. कुठल्याशा राज्याचा शिकारीचा वैध परवाना जवळ असणं असे काही मोजके अपवाद कायद्यात आहेत. पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर कुणी राहू नये. "बंदूक मित्राची आहे, मी फक्त रात्रीपुरती उशाशी ठेवली" हा बचाव चालत नाही. उलट तुमचा व्हिसा माहीत असून ती तुमच्या हाती देणारा मित्रही अडचणीत येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या माणसाने चार दिवसांच्या सहलीसाठी हा जुगार खेळू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर वाट मोकळी आहे, पण सरळ नाही. २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ ठेवता येते. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलंय, म्हणजे कायदेही तीन. शिवाय जवळ ठेवायला परवानगी आहे म्हणून झाडायलाही आहे, असं समजू नका. उद्यानाच्या इमारतींत तर ती नेताच येत नाही. सीमा ओलांडून बॅन्फ-जॅस्परला जाणार असाल तर हा विषय तिथेच संपला. कॅनडात प्रवाशाला पिस्तूल लावून हिंडता येत नाही, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलापासून बचाव म्हणून भरलेली बंदूक घेऊन फिरायला मनाई आहे. तिथे सगळे अस्वलावर फवारायचा तिखट स्प्रेच बाळगतात.

आता कायद्याचं सगळं जमलं असं धरू. ग्रिझली धावत आलं तर त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जातो. तीस मीटरवरच्या झुडपातून ते निघालं तर तुमच्या हातात दोनेक सेकंद असतात. तेवढ्यात ते अस्वल आहे हे कळायचं, हात कमरेकडे जायचा, हत्यार बाहेर यायचं, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. समोरचं लक्ष्य वरखाली उसळत येतंय, डोकं खाली आहे, कवटी उतरती आणि जाड आहे. पाठीवर पंधरा किलोची पिशवी आहे, मागे मुलं आहेत. रेंजवर कानाला मफ लावून, स्थिर कागदावर, सावकाश झाडलेल्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही.

मे २०१० मध्ये, म्हणजे कायदा बदलून जेमतेम तीन महिने झाले असताना, डेनालीत दोघं जण पाठपिशव्या घेऊन चालले होते. झुडपातून ग्रिझली निघालं आणि मागून चालणाऱ्या बाईच्या दिशेने धावलं. पुढे असलेल्या पुरुषाने पॉइंट ४५ च्या पिस्तुलातून सुमारे नऊ गोळ्या झाडल्या. अस्वल थांबलं, वळलं आणि झुडपात निघून गेलं. ते पुढे मेलेलं सापडलं, पण गोळ्या खाऊनही चालत गेलं होतं हे विसरू नका. ती दोघं वाचली. ती वाचली म्हणून पिस्तूल पुरेसं आहे असं एक गट म्हणतो, नऊ गोळ्या झाडाव्या लागल्या म्हणून ते पुरेसं नाही असं दुसरा. माझ्या मते एका घटनेवरून दोन्ही ठरत नाही.

त्यासाठी बऱ्याच घटना एकत्र पाहाव्या लागतात, आणि ते काम अलास्कात झालंय. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंदुकीच्या २६९ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने ८४ टक्के वेळा अस्वल थांबलं, लांब नळीच्या बंदुकीने ७६ टक्के. पण अस्वल चालून आल्यावर बंदूक वापरणारे आणि जवळ असून न वापरणारे यांच्या दुखापतींत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. जिथे बंदूक फसली तिथली कारणं वाचली तर अंगावर काटा येतो: वेळच मिळाला नाही, सेफ्टी काढायची राहिली, नेम चुकला, बंदूक अडकली, गोळ्या संपल्या. त्याआधी २००८ मध्ये याच दोघांनी इतर सहकाऱ्यांबरोबर स्प्रेचा अभ्यास केला होता. त्यात तपकिरी अस्वलं, म्हणजे ग्रिझली धरून, ९२ टक्के वेळा मागे फिरली आणि जवळून गाठ पडलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. बंदूकवाले म्हणतात की हे दोन आकडे शेजारी ठेवून तोलणं बरोबर नाही, कारण स्प्रेच्या घटनांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही आहेत. त्यांचं म्हणणं रास्त आहे. तरी ज्याने आयुष्यात चाप ओढलेला नाही त्याने काय घ्यावं, एवढ्यापुरतं मला यात उत्तर मिळतं. स्प्रेला अचूक नेम लागत नाही, तिखट ढग समोर उभा राहिला की पुरे.

स्प्रे घेताना डब्यावर 'बेअर स्प्रे' असंच लिहिलंय ना ते बघा. गुंडांसाठी पर्समध्ये ठेवतात तो छोटा पेपर स्प्रे इथे कामाचा नाही. किमान २२५ ग्रॅमचा डबा, मुदत न उलटलेला, आणि प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र. विमानात तो हातसामानात चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, म्हणून उतरल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या. पाठपिशवीच्या तळाशी गेलेला डबा असून नसल्यासारखा, तो कमरेला किंवा छातीवरच्या पट्ट्यालाच हवा. अस्वल दहा-वीस मीटरवर आलं की नळी किंचित खाली धरून दाबा, म्हणजे धावत येणारं जनावर ढगातून येईल. वारा कुठून वाहतोय याचं भान ठेवा. उन्हात तापणाऱ्या गाडीत डबा सोडू नका, फुटतो. आणि डासांच्या औषधासारखा तो तंबूवर किंवा अंगावर फवारू नका! हसू नका, असं करणारे लोक आहेत. जमिनीवर पडलेल्या या फवाऱ्याच्या वासाने अस्वलं उलट जवळ येतात आणि त्यात लोळतात, हे याच टॉम स्मिथ यांनी अलास्कात नोंदवून ठेवलंय.

एवढं वाचूनही ज्यांना बंदूक हवीच आहे, आणि ज्यांचा हात खरोखर बसलेला आहे, त्यांच्याशी आता बोलतो. अलास्काचं वन्यजीव खातं पॉइंट ३०० मॅग्नम रायफल किंवा स्लग भरलेली १२ गेज शॉटगन सुचवतं. पॉइंट ४४ मॅग्नमसारखं जड रिव्हॉल्व्हरसुद्धा, विशेषतः सराव नसलेल्या हातात, अपुरं पडू शकतं असं बजावतं. शॉटगन घ्याल तर छर्रे नकोत, स्लगच हवा. पिस्तूलच हवं असेल तर १० मिमी किंवा पॉइंट ४४ च्या खाली सहसा उतरू नका. गोळी शरीरात शिरल्यावर फुलणारी नको, चपट्या नाकाची, टणक, खोल जाणारी हवी, कारण मध्ये चरबी, स्नायू आणि जाड हाडं आहेत. यावर कुणीतरी २०१६ ची गोष्ट काढेलच: अलास्कात एका गाइडने साध्या ९ मिमी पिस्तुलाने चालून आलेलं अस्वल लोळवलं. खरी गोष्ट आहे. पण त्या माणसाची हयात अस्वलांच्या मुलखात गेली होती, आणि त्याच्या पिस्तुलात नेहमीची नव्हे तर अशीच टणक गोळी होती. कॅलिबरच्या वादात रात्री घालवण्यापेक्षा एक परीक्षा द्या. होल्स्टरमधून काढून, दहा मीटरवरच्या जेवणाच्या ताटाएवढ्या खुणेवर, दोन सेकंदांत पहिली गोळी आणि लगोलग दुसरी. दहापैकी नऊ वेळा जमत नसेल तर पुढचं हत्यार मोठं नको, लहान घ्या, किंवा घेऊच नका. हिसका सोसत नाही म्हणून डोळे मिटून झाडलेल्या मॅग्नमचा धोका अस्वलापेक्षा बायकोमुलांना जास्त.

गोळी लागली आणि अस्वल मेलं, तरी काम उरतंच. अलास्कात स्वसंरक्षणासाठी तपकिरी अस्वल मारलं तर नखांसकट कातडं आणि कवटी काढून वन्यजीव खात्याकडे जमा करायची, आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. कोंबडी साफ करायलाही दुकानदार लागतो अशा आपल्यासारख्यांनी हे डोळ्यांसमोर आणून बघावं. खाणं किंवा कचरा उघडा टाकल्यामुळे अस्वल आलं असेल, तर ते मारणं स्वसंरक्षण म्हणून कायद्याला मान्य नाही. मोंटाना, वायोमिंगमध्ये ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे, त्यामुळे प्रत्येक गोळीची चौकशी होते.

तंबूपाशी अस्वल बहुतेक वेळा माणसासाठी येत नाही, खाण्यासाठी येतं. १२-१३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री ग्लेशियर उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना मारलं. त्या भागांतल्या अस्वलांना माणसांच्या उष्ट्या-खरकट्याची चटक लागलेली होती, एका ठिकाणी तर ते खाणारी अस्वलं पाहायला पर्यटक जमत. आपल्या डब्यांत काय असतं ते आठवा: तुपातले लाडू, चिवडा, मेथीचे ठेपले, तेलात बुडालेलं लोणचं. हे सगळं, आणि टूथपेस्ट, खोबरेल तेल, मुलांनी स्लीपिंग बॅगमध्ये लपवलेला बिस्किटाचा पुडासुद्धा, बेअर कॅनिस्टरमध्ये किंवा कॅम्पग्राउंडवरच्या लोखंडी पेटीत गेला पाहिजे. रानात स्वयंपाक तंबूपासून शंभर यार्डांवर करा, आणि फोडणीचा वास लागलेले कपडे घालून झोपू नका. तंबूभोवती लावायचं बॅटरीवरचं विजेचं कुंपणही मिळतं. अलास्कात निर्जन ठिकाणी राहणार असाल तर त्याचे पैसे पिस्तुलापेक्षा जास्त सार्थकी लागतील. वाटेवर बोलत, टाळ्या वाजवत चाला. चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी माणसं घोळक्याने, आवाज करत जातात ती याचसाठी. बुटांना बांधायच्या घुंगरांवर मात्र पैसे घालू नका, त्यांचा आवाज फार दूर जात नाही.

बंदुकीला खरोखर पर्याय नाही असे मुलूखही आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ असावंच लागतं, आणि रायफलही बरोबर ठेवा असं तिथलं प्रशासन सांगतं. तिथे जाणाऱ्याने रायफलधारी गाइडबरोबर जावं, स्वतः शिकत बसू नये.

या उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी एवढं करा. निघण्याआधी सरावासाठीचा बिनतिखटाचा डबा मागवा, तो खऱ्याइतक्याच जोराने फवारतो. शनिवारी सकाळी चार कुटुंबं मिळून मोकळ्या मैदानात जमा. एकाने गोणपाट गुंडाळलेलं चाकांचं खोकं दोरीने जोरात ओढावं, बाकीच्यांनी आळीपाळीने पाठपिशवी लावून, डबा कमरेचा काढून, सेफ्टी उडवून फवारावं. मोठ्या मुलांनाही करू द्या, आणि पहिल्या फेरीत किती जणांची सेफ्टी अडकली ते मोजा.