वापरलेल्या मल्चिंग पेपरचे काय? नवे तंत्र आणि आपला ढीग

कलिंगड, मिरची किंवा टोमॅटोचा प्लॉट संपला की बांधावर मल्चिंग पेपरचा ढीग पडतो. मातीने भरलेला पेपर भंगारवाला सहसा घेत नाही, मग त्याला काडी लावली जाते. आता प्लॅस्टिक विरघळवून पुन्हा वापरण्याच्या तंत्राच्या बातम्या येत आहेत. त्यातून आपला ढीग हलेल का, ते पाहू.

तंत्र काय आहे?

नेहमीच्या पद्धतीत प्लॅस्टिक धुऊन, वितळवून दाणे करतात. पातळ पेपरला चिकटलेली माती तिथे मोठी अडचण ठरते. नवे मार्ग दोन आहेत.

• द्रावक: मल्चिंग पेपर पॉलिथिनचा असतो. झायलीनसारख्या गरम द्रावकात तो विरघळतो, माती गाळता येते आणि द्रावण थंड केल्यावर पॉलिथिन परत मिळते. अमेरिकेत ओहायो राज्यातील आयर्नटन येथे प्युअरसायकल कंपनी पॉलिप्रॉपिलीन अशाच प्रकारे द्रावकाने शुद्ध करते.

• सुपरक्रिटिकल पाणी: ३७४ अंश सेल्सिअस तापमान आणि २२१ बार दाबाच्या पुढे पाणी ना द्रव राहते ना वाफ. त्यात प्लॅस्टिकचे रेणू तुटून तेल मिळते. इंग्लंडमधील टीसाइड येथे म्युरा कंपनीने २०२३ मध्ये वर्षाला २०,००० टन क्षमतेच्या अशा प्रकल्पाचे उद्घाटन केले.

खरी अडचण कुठे?

हिशेब करून पाहा. पाच फुटांवर बेड असतील तर ४ फूट रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचे साधारण ७ रोल एकरी लागतात. त्यातले प्लॅस्टिक जेमतेम ७५ ते ८० किलो. तेवढीच माती चिकटली, तर गाडीभाड्यातला निम्मा पैसा माती वाहण्यात जातो. तंत्र कितीही चांगले असले तरी हा खर्च ते कमी करत नाही.

दुसरे म्हणजे, २०२२ च्या नियमांनुसार उत्पादकांवर टाकलेली जबाबदारी प्लॅस्टिक वेष्टनांची आहे. मल्चिंग पेपर हे वेष्टन नाही. त्यामुळे तो परत नेण्यासाठी कंपनीवर तसा दबाव नाही. शेतकरी संघटनांनी ही मागणी धरली पाहिजे.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

• फार पातळ पेपर टाळा. तो काढताना फाटतो आणि तुकडे जमिनीत राहतात. याच कारणाने चीनने २०१७ च्या मानकात किमान जाडी १० मायक्रॉन केली.
• वाफसा पाहून पेपर काढा, उन्हात वाळवा, झटका आणि गुंडाळी करा.
• ठिबकच्या नळ्या, खतांच्या गोण्या आणि औषधांच्या बाटल्या त्यात मिसळू नका.
• रोटाव्हेटरने पेपर मातीत गाडू नका, जाळू तर नकाच.
• एकट्याचा माल परवडत नाही. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत गाडीभर माल जमवून पुनर्प्रक्रिया करणाऱ्याशी आधी दर ठरवा.