गाणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे, साहेब

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे सरका. आणि आधीच सांगतो, यात सगळ्यात पहिली चूक माझी आहे.

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग होतं. बी.ए.च्या एका पोरानं स्टेजवर रॅप म्हटलं. विषय पाण्याचा. पाइपलाइनचं तीनदा उद्घाटन झालं, नळाला हार घातला, नारळ फुटला, आणि पाणी मात्र अजून टँकरनंच येतंय, असं काहीसं. शेवटाकडे एका ओळीत खुर्ची पेटवण्याची भाषा होती. पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांना ती खुर्ची आपलीच वाटली. माईक बंद झाला. दुसऱ्या दिवशी पोराला पोलीस ठाण्यात बोलावलं, फोन काढून घेतला, आणि तीन तास एकच प्रश्न चालला होता : कोणती खुर्ची? कधी पेटवणार? सोबत कोण कोण आहे?

हसू नका. हे खरंच विचारलं गेलं.

आणि मी काय केलं? फोनवर मिळालेली माहिती जशीच्या तशी टाईप केली. 'स्नेहसंमेलनात आक्षेपार्ह गाणे, विद्यार्थ्याला समज.' दोन कॉलम, आतल्या पानावर. गाणं मी ऐकलंही नव्हतं. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की दुसरी बाजू घ्या. नाही घेतली. डेडलाईन होती, हे कारण मी स्वतःला दिलं. चौथ्या दिवशी पोराची आई घरी आली. आत यायला तयार नव्हती, उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. पेपरात आलंय आता. उद्या चारित्र्य पडताळणीला काय सांगायचं आम्ही?"

तेव्हापासून झोप नीट नाही. म्हणून हे लिहितोय.

आता गंमत ऐका. त्या कार्यक्रमाला व्यासपीठावर मराठीचे एक प्राध्यापक होते. सेमिनारमध्ये काळ्यांचं साहित्य आणि दलित साहित्य यावर तास तास बोलतात. २०२५ च्या फेब्रुवारीत केन्ड्रिक लामारनं अमेरिकेत सुपर बोलच्या मध्यंतरात कार्यक्रम केला, तेव्हा त्यांनी त्याची क्लिप स्टेटसला ठेवली होती. खाली लिहिलं होतं, 'व्यवस्थेला आरसा.' केन्ड्रिकचा आरसा चालतो सर, आपल्या वर्गातल्या पोराचा का नाही चालत? अमेरिका लांब आहे म्हणून?

तो कार्यक्रम मीही पाहिला. न्यू ऑर्लिन्सचं स्टेडियम, अंकल सॅमच्या वेशात सॅम्युएल जॅक्सन, लाल-पांढऱ्या-निळ्या कपड्यातल्या नर्तकांचा मिळून झालेला झेंडा, आणि तो मधोमध दुभंगतो. जॅक्सन त्याला मधूनमधून दटावतो, फार आवाज, फार दंगा, जरा नीट वाग. म्हणजे 'खेळ नीट खेळ' हे काळ्या माणसाला सतत सांगणारा आवाजच त्यानं स्टेजवर उभा केला. १३ कोटींहून जास्त लोकांनी ते बघितलं. आणि तिथंही सरकारी प्रसारण आयोगाकडे तक्रारी गेल्याच, की स्टेजवर गोरं कुणी दिसलं नाही. पहिली रांग सगळीकडे असते, बरं का.

पण मला बोलायचंय ते टाळ्यांबद्दल नाही, कोर्टाबद्दल. कारण अमेरिकेत याच रॅपच्या बाबतीत दोन कोर्टांत दोन न्याय लागले, आणि त्यातून आपल्या ठाण्यातल्या त्या तीन तासांचा अर्थ लागतो.

पहिला खटला. केन्ड्रिकच्याच 'नॉट लाईक अस' या गाण्याचा. त्यात त्यानं ड्रेक या दुसऱ्या बड्या रॅपरवर फार घाणेरडे आरोप केलेत. त्या गाण्याला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. ड्रेकनं बदनामीचा दावा लावला, तोही केन्ड्रिकवर नाही, दोघांचीही गाणी काढणाऱ्या म्युझिक कंपनीवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं दावा फेटाळला. म्हणणं साधं होतं : ही रॅपमधली जुगलबंदी आहे, इथं अतिशयोक्ती आणि शिव्याशाप चालतात, शहाणा श्रोता याला पडताळलेली माहिती समजत नाही. बरोबरच आहे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात एका फडाचा शाहीर दुसऱ्याला काय काय म्हणायचा! त्यावरून कुणी पंचनामा केला का?

आता दुसरा खटला. अटलांटाचा यंग थग. मे २०२२ मध्ये त्याला आणि त्याच्या सोबतच्या सत्तावीस जणांना टोळीच्या कायद्याखाली आरोपी केलं. त्याची म्युझिक कंपनी हीच गुन्हेगारी टोळी आहे, असा सरकारी पक्षाचा दावा होता. आरोपपत्रात पुरावा म्हणून काय काय होतं? त्याच्या गाण्यांच्या ओळी. बचाव पक्षानं विरोध केला, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यातल्या बऱ्याच ओळी ज्यूरीसमोर वाचायला परवानगी दिली. नुसती ज्यूरी निवडायला दहा महिने लागले होते. जॉर्जिया राज्याच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला फौजदारी खटला तो. थग अडीच वर्षं जामिनाशिवाय आत. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं काही आरोपांत गुन्हा कबूल केला आणि पंधरा वर्षांच्या प्रोबेशनवर बाहेर आला. शेवटपर्यंत लढलेल्या दोघांना ज्यूरीनं खुनाच्या आणि टोळीच्या कटाच्या आरोपातून निर्दोष सोडलं.

थग साधुसंत आहे असं मी म्हणत नाही. बंदुकीचा आणि अमली पदार्थांचा गुन्हा त्यानं स्वतः कबूल केलाय. ज्यानं केलं असेल त्याला धरा की! साक्षीदार आणा, हत्यार आणा, फोनचे रेकॉर्ड आणा. पण यमक म्हणजे पुरावा कसा? बड्या कंपनीवर दावा आला की गाणं अतिशयोक्ती ठरतं आणि काळा पोरगा पिंजऱ्यात उभा राहिला की तेच गाणं कबुलीजबाब होतं, हा कुठला हिशेब?

'अहो पण रॅपमध्ये असतंच तसलं,' हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. म्हणून एक प्रयोग सांगतो. १९९६ मध्ये कॅरी फ्रीड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोऱ्या गायकांच्या एका जुन्या लोकगीताचे शब्द घेतले. गाण्यातला माणूस पोलिसाला गोळी घालतो, असं ते गीत. काही लोकांना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे गावाकडचं कंट्री गाणं आहे. शब्द तेच, कानामात्रेचा फरक नाही. रॅप समजून वाचणाऱ्यांना ते जास्त घातक वाटलं, बंदी घालण्याजोगं वाटलं. गायक काळा आहे सांगितलं तरी तसंच झालं. बॉब मार्लेनं १९७३ मध्ये शेरीफला गोळी घातल्याचं गाणं केलं. पुढच्या वर्षी एरिक क्लॅप्टन या गोऱ्या गायकानं तेच म्हटलं आणि अमेरिकेत ते पहिल्या नंबरला गेलं. क्लॅप्टनला कुणी विचारलं नाही, कोणता शेरीफ म्हणून.

१९८९ ची गोष्ट आणखी भारी. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या पोरांनी पोलिसांना शिव्या घालणारं गाणं केलं. एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं थेट त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं, नाराजीचं. दोनच वर्षांनी, १९९१ च्या मार्चमध्ये, त्याच लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंगला पोलीस मारताना कॅमेऱ्यात सापडले. गाणं ऐकून घेतलं असतं तर?

हां, आणि उगाच आरतीही ओवाळत नाही मी. त्या संगीतात बायकांविषयी जे बोललं जातं, ते माझ्या पोरीसमोर मी लावू शकत नाही. पैशाचा आणि बंदुकीचा तोरा हा तर धंदाच झालाय, आणि तो विकून मोठ्या झालेल्या कंपन्यांचे मालक बहुतेक गोरेच. आर. केली नावाच्या गायकानं वर्षानुवर्षं अल्पवयीन मुलींचं शोषण केलं, इंडस्ट्री गप्प बसली. त्याच्याविरुद्ध कोण उभं राहिलं? अटलांटाच्या काळ्या बायका. २०१७ मध्ये त्यांनी त्याची गाणी बंद करा म्हणून मोहीम उघडली. २०२२ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. त्या मुली कोर्टात येऊन बोलल्या म्हणून झाली. आपल्या समाजातल्या माणसाला आपणच जाब विचारायचा, हे त्या बायकांनी दाखवलं. आपल्याकडे कुणाचा बुवा, कुणाचा भाऊ असला की तोंडाला कुलूप.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं आम्हाला काय? अरे बाबा, हे नातं आपणच जोडलंय. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं त्याच नावाची दलित पँथर काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉईस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. ही ओळख वर्गात शिकवायची आणि गॅदरिंगला माईक बंद करायचा, हे कसं जमतं?

आणि गाण्या-नाटकात लपलेला अर्थ हुडकून काढणारं सरकारही आपल्याला नवीन नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त इंग्रजांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला, १९१० मध्ये बंदी आली. नाटकात कर्झनचं नाव कुठंच नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या रॅपरवर खोक्यांच्या गाण्यासाठी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्यातही कुणाचं नाव नव्हतं. त्याच महिन्यात मुंबईच्या उमेश खाडेवरही. नाव नसताना टोपी कुणाच्या डोक्यात बसते, हे तक्रार करणाराच सांगून टाकतो.

कायद्याचं विचाराल तर तोही आहे. २८ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानं इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमध्ये एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर मनाच्या, समजूतदार माणसाच्या मापानं, टीका झाली की लगेच धोका वाटणाऱ्याच्या नाही, असं कोर्टानं बजावलं. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(३) आहे, डीवायएसपींच्या परवानगीनं चौदा दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे आधी गाणं ऐका, समजून घ्या, मग काय ते ठरवा. कॅलिफोर्नियात तर २०२२ मध्ये कायदाच केला, कलाकाराच्या ओळी पुरावा म्हणून आणायच्या तर आधी न्यायाधीशाला पटवा, त्यातून पूर्वग्रह होणार नाही याची खात्री द्या.

आपल्या पोरावर तर गुन्हाही दाखल नाही. नुसती 'समज' दिली. समज दिल्याची नोंद आहे का? मला सांगितलं, तोंडी. मग फोन कोणत्या कलमाखाली ठेवून घेतला? जप्तीचा पंचनामा कुठंय? पावती कुठंय? आज बावीस दिवस झाले. भरतीच्या फॉर्मचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

मी काय केलं ते सांगतो. गाणं पूर्ण ऐकलं, दोनदा. एक ओळ सोडली तर सगळी माहिती आहे त्यात, आणि ती माहिती खरी आहे, पाइपलाइनच्या तीनही उद्घाटनांच्या बातम्या मीच दिल्यात, फोटोसकट. खुलासा लिहून संपादकांना पाठवलाय : मूळ बातमी एकतर्फी होती, गुन्हा दाखल नाही, विद्यार्थ्याची बाजू अशी अशी. अजून लागला नाही. लागेल तेव्हा लागेल, तोवर इथं टाकतोय. त्या जुन्या बातमीची लिंक कुणी शेअर केली असेल तर कृपया काढा.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पोराच्या आईसोबत ठाण्यात जातोय, लेखी अर्ज घेऊन. फोन परत द्या नाहीतर जप्तीची पावती द्या, एवढीच मागणी आहे. गावातले दोन वकील येतो म्हणालेत. प्राध्यापक सरांनाही फोन केला होता, ते बघतो म्हणाले. ज्यांना यायचंय त्यांनी एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर साडेदहाला भेटा. घोषणा नको, गर्दी नको.